उत्सव आणि उपासना

(एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



फेब्रुवारी २००२ मधील घटना आहे. न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन येथे यजमान संघ आणि इंग्लंड यांच्यात एकदिवसीय क्रिकेट सामना चालू होता. दोन डावांच्या मधल्या वेळात चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन मैदानात उतरले. मोठ्या पडद्यावर काही अनोळखी, कर्कश शब्द झळकले आणि जॅक्सन यांच्या इशाऱ्यासरशी सुमारे २५ हजार प्रेक्षकांनी ते एका सुरात गर्जून म्हटले. पाय आपटले, छाती बडवली. तो आवाज ध्वनिमुद्रित झाला आणि त्याच वर्षाअखेर प्रदर्शित झालेल्या ‘द टू टॉवर्स’ या चित्रपटात तो एका राक्षसी सेनेच्या मुखी घातला गेला. जगाच्या पाठीवर कोणत्याही देशात बोलली न जाणारी ती भाषा होती. ऑक्सफर्डमधील एका प्राध्यापकाने घडवलेल्या भाषेच्या आधारे ते शब्द रचलेले होते आणि तो प्राध्यापक १९७३ सालीच निवर्तला होता.

एका अध्यापकाच्या अभ्यासिकेतील शब्द क्रिकेटच्या मैदानापर्यंत पोहोचले कसे? चित्रपटाने पोहोचवले, हे उत्तर अपुरे आहे. चित्रपट येण्यापूर्वी जवळजवळ पन्नास वर्षे सामान्य वाचकांनी हे पुस्तक आपल्या खांद्यावर वाहून नेले होते. त्या वाचकांची ही कथा आहे आणि एखाद्या ग्रंथावर प्रेम करणे म्हणजे नेमके काय, हा तिच्यातील प्रश्न आहे.

एक अध्यापक आणि त्याची सृष्टी

जॉन रोनाल्ड रूएल टोल्कीन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. बालपण इंग्लंडमध्ये गेले. पितृछत्र आणि मातृछत्र दोन्ही लवकर हरपले. पहिल्या महायुद्धात १९१६ साली सोमच्या रणभूमीवर ते लढले. शाळेपासूनच्या चार जिवलग मित्रांपैकी दोघे त्याच वर्षी युद्धात कामी आले. पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजीचे अध्यापन करीत असताना त्यांनी एक आगळा उद्योग आयुष्यभर चालवला. त्यांनी भाषा घडवल्या. फिनिश भाषेच्या नादमाधुर्यावरून ‘क्वेन्या’, वेल्शच्या वळणावरून ‘सिंदारिन’. भाषा म्हटली की ती बोलणारे लोक हवेत, लोक म्हटले की त्यांचा इतिहास हवा, भूगोल हवा, वंशावळी हव्यात. अशा रीतीने ‘मिडल अर्थ’ नावाची एक संपूर्ण सृष्टी उभी राहिली.

१९३७ साली त्यांची ‘द हॉबिट’ ही मुलांसाठीची कथा प्रसिद्ध झाली. हस्तलिखित छापण्याजोगे आहे काय, याचा अभिप्राय प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाकडून, रेनर याच्याकडून घेतला होता. वाचकांनी पुढील भाग मागितला. तो लिहून छापून होण्यास सतरा वर्षे लागली. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत बाहेर पडले. लहानपणी आपली पहिली पावती देणारा तो मुलगा आता वडिलांच्या व्यवसायात होता आणि या प्रचंड ग्रंथात हजार पौंडांचा तोटा होईल असा त्याचा अंदाज होता. तरीही त्याने तो छापण्याचा आग्रह धरला.

कथासूत्र थोडक्यात असे. एक अंगठी आहे. ती धारण करणाऱ्याला सत्ता देते आणि हळूहळू त्याचे माणूसपण गिळते. तिचा उपयोग करून शत्रूला जिंकावे, असा मोह मोठमोठ्या वीरांना आणि ज्ञान्यांना होतो. अखेर ती नष्ट करण्याचे काम फ्रोडो नावाच्या एका लहानखुऱ्या, घरकोंबड्या हॉबिटाकडे येते. त्याच्या सोबतीला असतो सॅम हा त्याचा माळी. महाकाव्याचा सारा पसारा या दोन सामान्य जिवांच्या पायपिटीवर तोललेला आहे.

वीस सेंटची निष्ठा

या ग्रंथाच्या चाहत्यांची पहिली कसोटी १९६५ साली अमेरिकेत लागली. एस बुक्स या प्रकाशन संस्थेने तेथील स्वामित्व कायद्यातील फटीचा लाभ घेऊन लेखकाची अनुमती न घेता पुस्तकाची कागदी बांधणीतील आवृत्ती काढली. किंमत अवघी ७५ सेंट. लेखकाला मानधनाची एक दमडीही नाही. त्याच वर्षी बॅलंटाइन या संस्थेने अधिकृत आवृत्ती काढली. तिची किंमत ९५ सेंट होती.

टोल्कीन यांच्यापाशी ना फौज होती, ना वकिलांचा ताफा. होता तो वाचकांशी चाललेला पत्रव्यवहार. अमेरिकेतील वाचकांना उत्तरे लिहिताना ते अनधिकृत आवृत्तीची हकीकत कळवू लागले. वाचकांनी ती एकमेकांच्या कानी घातली. विद्यापीठांतील तरुण, ज्यांच्या खिशात पैसे बेताचेच असत, तेही स्वस्त प्रत बाजूला सारून वीस सेंट अधिक मोजू लागले. निषेध वाढत गेला आणि काही महिन्यांतच एस बुक्सला नमते घ्यावे लागले. संस्थेने लेखकाला मानधन दिले आणि ती आवृत्ती पुन्हा न छापण्याचे मान्य केले. आवडत्या लेखकाचा हक्क राखण्यासाठी पदरचे पैसे मोजणारा वाचक हा केवळ ग्राहक राहत नाही.

त्याच काळात अमेरिकेत छातीवर ‘फ्रोडो जिवंत आहे’ अशा अर्थाचे बिल्ले मिरवणारे तरुण दिसू लागले. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या भिंतींवर तीच घोषणा उमटली. हा झाला उत्साह. परंतु त्याच्या आड दुसरे एक शांत काम सुरू झाले होते. १९६५ साली रिचर्ड प्लॉट्झ या तरुण विद्यार्थ्याने न्यूयॉर्कमध्ये टोल्कीन सोसायटी ऑफ अमेरिका स्थापन केली. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात मिथोपोइक सोसायटी उभी राहिली. १९६९ साली इंग्लंडमध्ये व्हेरा चॅपमन या बाईंनी टोल्कीन सोसायटीची स्थापना केली, तेव्हा त्यांचे वय ७१ वर्षांचे होते. चाहतेगिरी हे केवळ पोरवयाचे वेड असते, हा समज या एका उदाहरणाने खोटा ठरावा.

या मंडळींनी काय केले? त्यांनी अभ्यास केला. रॉबर्ट फॉस्टर यांनी या सृष्टीतील व्यक्ती, स्थळे आणि वस्तू यांचा कोश सिद्ध केला. कॅरेन विन फॉन्स्टॅड या भूगोलाच्या अभ्यासक बाईंनी १९८१ साली मिडल अर्थचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला आणि नायकांनी कोणत्या दिवशी किती मैल मजल मारली याचाही हिशेब मांडला. क्वेन्या आणि सिंदारिन यांच्या व्याकरणाला वाहिलेली नियतकालिके निघाली आणि टिकली. यातील बहुतेक श्रम दिवसाची नोकरी-चाकरी सांभाळून, रात्रीचा दिवा जाळून केलेले होते.

पोलादी पडद्याआड तर या प्रेमाला वेगळीच धार आली. सोव्हिएत रशियात संपूर्ण ग्रंथाची अधिकृत आवृत्ती दीर्घकाळ उपलब्ध नव्हती. १९८२ मध्ये पहिल्या खंडाचा संक्षिप्त अनुवाद निघाला खरा, पण तेवढ्याने वाचकांची भूक भागली नाही. टंकलिखित अनुवाद हातोहात, गुपचूप फिरत राहिले. १९९० साली सायबेरियातील क्रास्नोयार्स्कजवळच्या रानात चाहते जमले आणि हाती बनवलेल्या तलवारी घेऊन त्यांनी ही कथा खेळून पाहिली. अंगठीच्या सत्तेचा अर्थ त्या वाचकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

लेखकाची धास्ती

स्वतः टोल्कीन यांना या साऱ्याचे काय वाटत होते? त्यांना आनंद होता आणि धास्तीही होती. वाचकांच्या पत्रांना ते मनःपूर्वक, कधी कधी पानेच्या पाने भरून उत्तरे देत. परंतु अमेरिकेतील वेळेचा फरक न जाणता मध्यरात्री खणखणणारे दूरध्वनी आणि घराबाहेर ताटकळणारे पाहुणे यांनी वृद्ध दांपत्य हैराण झाले. अखेर १९६८ मध्ये ऑक्सफर्ड सोडून ते समुद्रकाठच्या परिसरात, बोर्नमथ येथे राहायला गेले.

एक प्रसंग फार बोलका आहे. एका चाहत्याने त्यांना पोलादाचा एक पेला भेट पाठवला. त्यावर मोठ्या कौशल्याने अक्षरे कोरलेली होती. पण ती होती दुष्ट अंगठीवरची, काळ्या भाषेतील अक्षरे. टोल्कीन यांनी त्या पेल्यातून कधी घोटभर पाणीही घेतले नाही. तंबाखूची राख झाडण्यासाठी त्याचा उपयोग केला. चाहत्याला कथेतील अक्षराचे सौंदर्य दिसले, अर्थ दिसला नाही. उत्साह आणि आकलन यांतील अंतर याहून नेमकेपणाने दाखवणे कठीण.

चित्रपटाचा विषयही त्यांच्या हयातीतच निघाला होता. १९५७ साली एका अमेरिकी मंडळीने प्रस्ताव आणला. लेखकाचे धोरण व्यवहारी होते. एक तर पुरेसा पैसा द्या, नाही तर कलाकृतीवर नियंत्रण द्या. पटकथेचा आराखडा हाती आला तेव्हा मात्र १९५८ मध्ये त्यांनी ओळीओळीने त्याची चिरफाड केली. लढाया वाढवल्या आहेत, जादू नको तेथे पेरली आहे, गरुडांचा वाहनासारखा वापर केला आहे आणि फ्रोडो-सॅम यांची वाटचाल, जी कथेचा गाभा आहे, तिलाच कात्री लावली आहे, असा त्यांच्या आक्षेपांचा मथितार्थ होता. तो प्रस्ताव बारगळला. तथापि १९६९ मध्ये चित्रपटाचे हक्क त्यांनी विकले आणि ते पुढे अनेक हातांतून फिरत राहिले.

पडद्यावरचा उत्सव

राल्फ बाक्शी यांचा १९७८ चा ॲनिमेशनपट कथा अर्ध्यावर सोडून संपला. १९८१ साली बीबीसीने २६ भागांची नभोनाट्यमाला केली. तिच्यात फ्रोडोला आवाज देणारे इयन होम हेच वीस वर्षांनी जॅक्सन यांच्या चित्रपटात फ्रोडोचे वडीलधारे आप्त बिल्बो म्हणून दिसले. ही साखळी ध्यानात घेण्यासारखी आहे. या कथेवर प्रेम करणारी माणसेच तिच्या रूपांतरांत पुन्हा पुन्हा आढळतात. सारुमानची भूमिका करणारे क्रिस्टोफर ली दरवर्षी हा ग्रंथ नव्याने वाचत आणि चित्रपटाच्या कलाकारांपैकी टोल्कीन यांना प्रत्यक्ष भेटलेले ते एकटेच होते. ग्रंथाची चित्रे काढून नाव मिळवलेले ॲलन ली आणि जॉन हाउ यांनाच जॅक्सन यांनी संकल्पनाकार म्हणून बोलावले. सैनिकांच्या साखळी-चिलखतांच्या असंख्य कड्या कारागिरांनी हाताने एकेक करून जोडल्या.

मुख्य चित्रण ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० या काळात न्यूझीलंडमध्ये, तिन्ही चित्रपटांचे एकत्रच झाले. जॅक्सन यांनी १९९८ मध्येच इंटरनेटवरून चाहत्यांच्या प्रश्नांना जाहीर उत्तरे दिली होती. एप्रिल २००० मध्ये इंटरनेटवर आलेली पहिली झलक २४ तासांत सुमारे १७ लाख वेळा उतरवून घेतली गेली, आणि तेही मंदगती जोडणीच्या त्या काळात! राजकन्या आर्वेन हेल्म्स डीपच्या लढाईत तलवार गाजवणार, अशी वार्ता फुटताच चाहत्यांमध्ये गदारोळ उठला, कारण ग्रंथात ती तेथे नाहीच. तो प्रसंग चित्रित झाला होता, पण अंतिम चित्रपटात ठेवला गेला नाही. पुढे विस्तारित आवृत्तीच्या श्रेयनामावलीत चाहतासंघाच्या सभासदांची नावे मिनिटांमागून मिनिटे सरकत राहिली. निर्मात्यांनी ऋण मान्य केले होते.

१ डिसेंबर २००३ रोजी तिसऱ्या चित्रपटाच्या उद्घाटनाला वेलिंग्टनच्या रस्त्यांवर एक लाखाहून अधिक लोक लोटले. फेब्रुवारी २००४ मध्ये त्या चित्रपटाने ११ नामांकनांपैकी ११ ही ऑस्कर पारितोषिके पटकावली. उत्सव शिगेला पोहोचला होता.

तक्रार की जागल्या?

आणि नेमक्या याच वेळी जुने, जाणते वाचक कुरकुरत होते. पुष्कळांनी ती कुरकुर पंडिती कीस म्हणून उडवून लावली. ती खरोखर तशी होती काय? तीन उदाहरणे पाहावीत.

ग्रंथातील फॅरामिर हा तरुण सेनानी अंगठी हाताशी आलेली असताना तिच्याकडे पाठ फिरवतो. मोहाला नकार देणारा साधा मनुष्यही असू शकतो, हे तो दाखवतो. चित्रपटात तो आधी मोहात पडतो, कैद्यांना घेऊन निघतो आणि मग सावरतो. पटकथेला ताण मिळाला. पण एका मनुष्याची निर्मळ उंची कमी झाली.

दुसरे, ग्रंथात विजयी हॉबिट गावी परततात तेव्हा तेथे दडपशाही माजलेली असते. झाडे तोडलेली, घरे उजाड. ज्यांनी जगाचे संकट निवारले त्यांना आपल्या गावाची सफाई स्वतःच करावी लागते. चित्रपटात हे प्रकरणच नाही. तेथे गाव जसेच्या तसे हसत उभे असते. युद्धावरून परतलेल्या सैनिकाने लिहिलेल्या ग्रंथातील कदाचित सर्वांत खरे प्रकरण वगळले गेले.

तिसरे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे. अग्निकुंडाच्या काठावर फ्रोडोचा निश्चय ढळतो. तो अंगठी आपलीच म्हणतो. गॉलम त्याचे बोट तोडून अंगठी हिसकावतो, हर्षाने नाचू लागतो आणि तोल जाऊन कुंडात पडतो. जग वाचते ते फ्रोडोच्या बळाने नव्हे. त्याने पूर्वी कधी तरी या दुबळ्या जिवावर दाखवलेल्या दयेमुळे गॉलम जिवंत राहिला, म्हणून वाचते. फ्रोडो अपयशी ठरला काय, असे वाचकांनी विचारले तेव्हा टोल्कीन यांनी सविस्तर उत्तरे दिली. त्या क्षणी कोणाचीही इच्छाशक्ती टिकली नसती, फ्रोडोने देहामनाची शिकस्त केली होती आणि उरलेले काम त्याच्या करुणेने केले, असा त्यांचा आशय आहे. चित्रपटात फ्रोडो उठून गॉलमशी झोंबतो आणि त्या झटापटीत दोघे कडेवरून खाली जातात. दृश्य थरारक झाले. कृपेची जागा कुस्तीने घेतली.

हे भेद ज्यांना बोचले ते वाचक चित्रपटाचे शत्रू नव्हते. त्यांतील कित्येकांनी तिकिटासाठी रात्र रात्र रांगा लावल्या होत्या. पडदा भव्य होता हे त्यांनी मान्य केले आणि घरी येऊन पुन्हा ग्रंथ उघडला. गावाचा जागल्या गावाशी वैर धरून रात्री हाळी देत नाही.

लेखकाचे चिरंजीव क्रिस्टोफर टोल्कीन यांची भूमिका याहून कठोर होती. बालपणी कथा ऐकणारा, १९४४ मध्ये हवाई दलाच्या नोकरीत दक्षिण आफ्रिकेत असताना वडिलांकडून प्रकरणामागून प्रकरण टपालाने मिळवणारा आणि पुढे ग्रंथाचा नकाशा रेखाटणारा हा पुत्र म्हणजे या सृष्टीचा पहिला चाहताच होय. पित्याच्या निधनानंतर त्यांनी ऑक्सफर्डमधील अध्यापन सोडले आणि कागदांचे ढिगारे उपसले. १९७७ साली ‘द सिल्मरिलियन’ आणि १९८३ ते १९९६ या काळात मिडल अर्थच्या इतिहासाचे १२ खंड त्यांनी संपादित केले. चित्रपटांनी ग्रंथाचा गाभा काढून तरुणांसाठी मारधाडीचा पट केला, अशी खंत त्यांनी २०१२ मध्ये फ्रेंच वृत्तपत्र ‘ल मोंद’जवळ व्यक्त केली. ते मत कोणास एकांगी वाटेल. पण जानेवारी २०२० मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी निधन पावेपर्यंत त्यांनी आयुष्याची चार दशके ज्या कामाला वाहिली, त्या कामाने त्यांना तसे बोलण्याचा अधिकार दिला होता.

बाजार आणि विखार

उत्सवाच्या मागोमाग बाजार येतोच. सुमारे तीनशे पानांच्या ‘द हॉबिट’वर २०१२ ते २०१४ या काळात तीन लांबलचक चित्रपट निघाले. निराश चाहत्यांनी २०१५ मध्ये त्यांची काटछाट करून सुमारे चार तासांची एकच आवृत्ती बनवली आणि ग्रंथाशी ती अधिक इमान राखणारी आहे असे सांगितले. २०१७ साली ॲमेझॉनने दूरचित्रवाणीचे हक्क घेतले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ ही मालिका सुरू झाली.

या मालिकेच्या निमित्ताने चाहत्यांच्या प्रेमाचा एक काळा पदरही दिसला. कथेशी फारकत घेतल्याची टीका योग्यच होती किंवा नव्हती, त्यावर वाद होऊ शकतो. परंतु काही कलाकारांवर त्यांच्या वर्णावरून शिव्यांचा वर्षाव झाला. तेव्हा जॅक्सन यांच्या चित्रपटांतील चारही हॉबिट, म्हणजे ते अभिनेते, जाहीरपणे या कलाकारांच्या पाठीशी उभे राहिले. ग्रंथाच्या रक्षणाच्या नावाखाली ग्रंथातील करुणेलाच तिलांजली देणारा चाहता त्या पोलादी पेल्याच्या चाहत्याहून वेगळा नाही. अक्षर त्याच्या हाती आहे, अर्थ निसटलेला आहे.

उरते ते काय?

२००३ हे वर्ष शेवटच्या चित्रपटाच्या जल्लोषाचे. त्याच वर्षी टोल्कीन सोसायटीने एक छोटा उपक्रम सुरू केला. २५ मार्च हा ग्रंथातील दुष्ट सत्तेच्या अंताचा दिवस. त्या दिवशी वाचकांनी आपापल्या घरी, शाळेत, ग्रंथालयात टोल्कीन यांचे थोडे वाचन करावे, इतकेच. ना रोषणाई, ना तिकीट. तो वाचनदिन आजही पाळला जातो. ३ जानेवारीला रात्री नऊ वाजता ठिकठिकाणचे चाहते आपापल्या स्थानिक वेळेनुसार प्राध्यापकांच्या नावे पेला उंचावतात. १९७४ पासून ऑक्सफर्डमध्ये वार्षिक मेळावा भरतो आणि त्यातील मंडळी वोल्व्हरकोट येथील टोल्कीन दांपत्याच्या समाधीवर फुले वाहतात. त्या दगडावर पती-पत्नींच्या नावांखाली त्यांच्या कथेतील दोन प्रेमिकांची नावे कोरलेली आहेत.

उत्सव वाईट नसतो. उत्सवामुळेच नवे लोक दारापर्यंत येतात. चित्रपट पाहून प्रथमच ग्रंथ हाती घेतलेल्यांची संख्या मोठी आहे आणि त्याचे श्रेय जॅक्सन यांना द्यावेच लागेल. पण मांडव उतरल्यावर गाभाऱ्यात दिवा लावणारे कोणी असावे लागते. १९६५ साली वीस सेंट अधिक मोजणारा विद्यार्थी, एकाहत्तराव्या वर्षी संस्था काढणाऱ्या चॅपमनबाई, नायकांच्या पायपिटीचे मैल मोजणाऱ्या फॉन्स्टॅडबाई, सायबेरियाच्या थंडीत फाटकी टंकलिखित प्रत वाचणारा अनाम वाचक, ही ती माणसे होत.

मराठी वाचकालाही आता हे दार उघडे आहे. मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने हा ग्रंथ मराठीत आणला आहे. ज्या घरांत हे चित्रपट मुलांनी आवडीने पाहिले आहेत, त्या घरांत आईवडिलांनी मुलांसह संध्याकाळी त्यातील दहा पाने वाचावीत. फॅरामिरच्या प्रसंगापाशी थांबावे आणि मुलांना विचारावे, पडद्यावरचा फॅरामिर खरा वाटतो की पुस्तकातला? मुले काय उत्तर देतील ते महत्त्वाचे नाही. उत्तर शोधण्यासाठी ती पुन्हा पुस्तकाकडे वळली, तर त्या घरी उपासनेला प्रारंभ झाला असे समजावे.